वेरूळची राणी माणिकावती
राजा बरा झाला तर शिवमंदिर बांधीन, त्याचा कळस पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही, हा माणिकावतीचा नवस कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त आहे; म्हणून पैठणच्या कोकास या शिल्पकाराने कळसापासूनच काम धरले, असे ती कथा सांगते. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरलेले आहे खरे, पण त्याने राणी सिद्ध होत नाही; ती रीत पाहूनही कथा सुचू शकते. इ.स. ८१२-१३ चा बडोदा ताम्रपट एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, मंदिराचे श्रेय राष्ट्रकूट कृष्णराजाला देतो. ताम्रपट राजांचेच गुण गातात, हा आक्षेप रास्त. तरी राण्यांची नोंद होतच नसे असे नाही; नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरला गेलाच. राहते ‘माणिकेश्वर’ हे लेण्याचे जुने नाव. पण देवाच्या नावावरून राणी घडली असणेही तितकेच शक्य. माणिकावती तूर्त साहित्यातलीच मानावी.