क्रूझ जहाजाचा ‘देश’ कोणता? नोंदणी, आयएमओ नंबर आणि फोनचं बिल

माझा मावसभाऊ क्रूझवर किचनमध्ये नोकरीला लागतोय. ऑफिस अमेरिकेत, जहाजावर झेंडा बहामाचा. “दादा, पगार अडकला तर दाद कुठे मागायची?” असं त्याने विचारलं आणि मी शोधायला बसलो.

नोंदणी म्हणजे काय?
प्रत्येक क्रूझ जहाज एका देशात नोंदवलेलं असतं. खुल्या समुद्रात त्यावर मुख्यतः त्याच देशाचा कायदा चालतो. बहामा, पनामा, माल्टा हे देश परदेशी मालकांची जहाजंही नोंदवतात. तिथे कर कमी आणि कुठल्याही देशाचे कर्मचारी घेता येतात, म्हणून कंपन्या तिकडे वळतात. जहाजाच्या मागच्या बाजूला नावाखाली बंदराचं नाव असतं. ‘आयकॉन ऑफ द सीज’वर नासाऊ, म्हणजे बहामा.

आयएमओ नंबर कसा तपासायचा?
नाव, मालक, झेंडा बदलला तरी हा ७ अंकी नंबर बदलत नाही. गाडीच्या चॅसी नंबरसारखा. पहिल्या सहा अंकांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक म्हणजेच सातवा अंक. आयकॉनचा नंबर ९८२९९३०:
६३ + ४८ + १० + ३६ + २७ + ६ = १९०. शेवटी ०, जुळलं! मरीनट्रॅफिक साइटवर नंबर टाकला की झेंडाही दिसतो.

कॅप्टन लग्न लावू शकतो का?
झेंड्यावर अवलंबून! ‘क्वीन मेरी २’ची नोंदणी २०११ मध्ये साउदॅम्प्टनहून बर्म्युडाला हलली, त्यानंतरच तिच्यावर लग्नं लागू लागली.

भर समुद्रात रेंज कशी येते?
जहाजावर सॅटेलाइटला जोडलेला छोटा टॉवर असतो. जमिनीवरचा रोमिंग पॅक तिथे बहुतेक वेळा चालत नाही आणि बिल भरमसाट येतं. त्यामुळे जहाज सुटताच एअरप्लेन मोड, मग फक्त वायफाय.

भावाला काय सांगितलं?
२००६ च्या सागरी कामगार करारानुसार तक्रार जहाजावर करता येते, झेंड्याच्या देशाकडे करता येते आणि जहाज लागेल त्या बंदरातल्या अधिकाऱ्याकडेही. नोकरी लावून देण्याचे पैसे एजंटने घ्यायचे नसतात. एजंटचं आरपीएसएल लायसन्स डीजी शिपिंगच्या साइटवर बघायचं. आणि हे सगळं सही करायच्या आधी, नंतर नाही!