साष्टीतील लाकडी सांगाड्याचे घर

सांताक्रूझ पूर्वेचे वाकोला हे मूळचे साष्टी बेटावरील भातशेतीचे गाव. 1534 पासून साष्टी पोर्तुगिजांकडे होती, 1737 मध्ये ती मराठ्यांनी घेतली आणि 1774 मध्ये इंग्रजांच्या हाती गेली. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या इथल्या कुटुंबांनी 1887 मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. धर्म बदलला, तरी घर बांधण्याची कोकणी रीत मात्र बदलली नाही.

त्या रीतीचा पाया म्हणजे लाकडी सांगाडा. जोत्यावर खांब उभे करायचे, त्यांवर तुळया टाकायच्या, वर आढे आणि आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे. छपराचा सगळा भार खांबांवर येई. ऐपत असेल तर लाकूड सागाचे, नसेल तर ताडाचे किंवा रानातले मिळेल ते. भिंतीला भार पेलायचाच नसल्याने ती कारव्यांच्या कुडाची असली तरी चाले, फक्त तिला शेणमातीचा गिलावा दिला की झाले. इंग्लंडच्या खेड्यांतली जुनी घरे याच तत्त्वावर उभी आहेत. तिथे ओकचा सांगाडा, विणलेल्या काटक्यांवर चिखलाचा लेप आणि वर गवताचे जाड छप्पर असे. हवामान वेगळे, माणसे वेगळी, पण उत्तर एकच सापडले, कारण गावात माती, लाकूड आणि गवत यांखेरीज दुसरे फारसे काही हाताशी नव्हते.

साष्टीत छपराला भाताचा पेंढा, गवत किंवा झावळ्या असत. सांताक्रूझला वर्षाकाठी 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून उतार तीव्र ठेवत आणि पागोळ्यांनी भिंत भिजू नये यासाठी छपराची कड बरीच पुढे काढत. या पुढे आलेल्या छपराखालीच पडवी आणि ओटी तयार झाल्या. घरातला सर्वांत वर्दळीचा भाग पावसामुळे जन्मला, ही या वास्तूची सर्वांत सुंदर गोष्ट. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे हे वैशाखातले ठरलेले काम होते.

शाकारलेल्या छपराला आगीचे आणि वाळवीचे भय. त्यामुळे ऐपतीप्रमाणे कुंभाराची नळीची कौले आली. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यावर खाचा असलेली, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौले सर्वत्र पसरली. सांगाडा तोच राहिला, केवळ वाशांवरच्या रिपांचे अंतर कौलांच्या मापाने ठरू लागले. पैसा आला तशी कुडाच्या जागी विटांची भिंत झाली, वर माळा चढला, बाहेरून लाकडी जिना आणि नक्षीच्या कठड्याची गॅलरी आली. गिरगावातील खोताचीवाडीत आणि माझगावच्या म्हातारपाखाडीत हे रूप अजून पाहायला मिळते.

वाकोल्याभोवतीची भातशेते पुढे विमानतळ, कारखाने आणि वसाहतींखाली गेली. शेत गेले तसा पेंढा गेला आणि शाकारणारे हातही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठी नदीकाठचा हा सगळा सखल भाग बुडाला. खाचरे आणि मोकळी जमीन पाणी धरून ठेवीत असताना उंच जोते घराला राखत असे. भोवतीची जमीनच बुजल्यावर जोत्याचा तो आधार तोकडा पडतो.

जुने घर दुरुस्त करताना कौल फुटले तर नवे घालता येते, भिंत खचली तर पुन्हा बांधता येते. पण सुस्थितीतला लाकडी सांगाडा उतरवून काँक्रीटचा स्लॅब टाकला की ते घर उरत नाही. म्हणून गावठाणात दुरुस्ती काढणाऱ्यांनी आधी खांब, तुळया आणि आढे तपासून घ्यावीत, आणि ती धड असतील तर त्यांना हात लावू नये.