एक शाळा, अनेक गावे

चंदिगडच्या ज्या सेक्टरमध्ये मी राहतो, तेथील लहान मुले सकाळी शाळेला निघतात तेव्हा त्यांना वेगाने वाहणारा हमरस्ता ओलांडावा लागत नाही. सेक्टरच्या पोटातून गेलेल्या हिरव्या पट्ट्याच्या कडेने ती शाळेत पोहोचतात. ही सोय आपोआप झालेली नाही. 1929 साली न्यूयॉर्कच्या विभागीय आराखड्यासाठी लिहिताना क्लॅरेन्स पेरी यांनी वस्तीचे एक मान सुचविले होते. एका प्राथमिक शाळेला पुरतील एवढी घरे म्हणजे एक वस्ती, आणि शाळा तिच्या मध्याशी, असे ते मान. चंदिगडचा पहिला आराखडा करणाऱ्या अल्बर्ट मेयर यांनी हीच कल्पना येथे आणली, आणि 1951 साली ल कॉर्बुझिये यांनी तिला 800 मीटर रुंद व 1200 मीटर लांब अशा सेक्टरची चौकट दिली. सारांश, मुलाच्या पावलांनी हे शहर मोजलेले आहे.

खेड्यांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. या शहरातसुद्धा बुडैल, अटावा यांसारखी जुनी गावे सेक्टरांच्या चौकटीत सापडलेली दिसतात, आणि त्यांच्या गल्ल्यांना हे माप लागत नाही. गाव आधी वसते, तेही ओढ्याच्या आणि डोंगराच्या कलाने. शाळा मागून येते. मग किती गावांनी मिळून एक शाळा चालवावी, तिचा खर्च कोणी द्यावा आणि तिच्यापर्यंत चालत कोणी जावे, हे तीन प्रश्न उभे राहतात. महाराष्ट्र हे प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे सोडवीत आला आहे. त्या प्रयत्नांचा धागा आज थोडक्यात उलगडावा असा विचार आहे.

आरंभ खर्चाच्या प्रश्नापासून झाला. मुंबई इलाख्यात 1863 च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा असा स्थानिक उपकर बसविण्यात आला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी राखून ठेवला गेला. कर सर्व गावांनी भरावयाचा. शाळा मात्र मोजक्या गावांनाच मिळावयाची. ही विषमता जोतीराव फुले यांच्या नजरेतून सुटली नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात त्यांनी, महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्ग घेतो, असे स्पष्टपणे मांडले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणीही केली. ती मागणी कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी 1917 साली आपल्या संस्थानापुरती अमलात आणली. ब्रिटिश मुलखात मात्र गोखल्यांचे विधेयक त्याआधीच फेटाळले गेले होते.

पुढचा टप्पा कारभाराचा. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना झालेल्या 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या स्वाधीन केल्या. एका जिल्ह्यातील शेकडो गावांच्या शाळा एका निवडून आलेल्या मंडळाच्या हाती आल्या. पण ज्याच्या हाती शाळा, त्याच्या हाती मास्तरांच्या बदल्या, हेही ओघानेच आले. 1938 ची दुरुस्ती आणि 1947 चा कायदा यांनी बरेचसे अधिकार पुन्हा सरकारकडे नेले. अखेर 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावची शाळा ही ‘झेडपीची शाळा’ झाली. तेच नाव आजही लोकांच्या तोंडी आहे.

मी अशाच एका शाळेचा विद्यार्थी. आमच्या वाडीत शाळा होती ती चौथीपर्यंत. पाचवीला ओढ्यापलीकडच्या गावी जावे लागे. माझ्या आत्याच्या वेळी त्या ओढ्यावर साकव नव्हता. तिची चौथी झाली, त्या वर्षी पाऊस मोठा झाला, आणि तिची पाचवी राहिली ती कायमची. तिच्या भावांनी पुढे तोच ओढा पोहून ओलांडला. नकाशावर ते अंतर मैलभराचेही नव्हते. सरकारी नोकरीत शिरल्यापासून अंतराचा रकाना भरताना मला दर वेळी आत्या आठवते.

लहान गावांच्या शाळा एकमेकींना कशा जोडाव्यात याचा सर्वांत समंजस विचार कोठारी आयोगाने 1964 ते 1966 या काळात केला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. खेड्यातील शाळा त्यांनी जवळून पाहिलेली होती. आयोगाने शाळासमूहाची कल्पना मांडली. मध्ये एक माध्यमिक शाळा, आणि तिच्या भोवतालच्या प्राथमिक शाळा तिच्याशी जोडलेल्या. प्रयोगशाळा, ग्रंथालय, जाणते शिक्षक यांचा लाभ सर्वांनी वाटून घ्यावयाचा. या योजनेत साधने गावोगाव फिरतात. लहान मूल आपल्या गावातच राहते. महाराष्ट्रातील केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही व्यवस्था याच विचाराची धाकटी बहीण म्हणता येईल. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शाळासमूहाचा पुरस्कार केला.

परंतु ‘समूह’ या शब्दाला दुसराही अर्थ आहे. अमेरिकेत 1932 च्या सुमारास सव्वा लाखांहून अधिक स्वतंत्र शालेय जिल्हे होते. 1970 च्या आसपास ते अठरा हजारांच्या आत आले. एका खोलीच्या शाळा मिटल्या आणि अनेक लहान गावांची मिळून एक मोठी शाळा झाली. तेथे हे घडू शकले, कारण पक्का रस्ता आणि शाळेची बस मुलाच्या दारापर्यंत आली होती. आपल्याकडे 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा राज्यात अशा सुमारे 15 हजार शाळा असल्याचे दिसून आले. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत यांचे दाखले देण्यात आले. गावोगावी विरोधही झाला.

या वादात दोन्ही बाजूंना सत्य आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. पाच मुलांच्या शाळेत एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो; तेथे खेळायला गडी जमत नाहीत आणि चढाओढीला सोबती मिळत नाही. मोठ्या शाळेत हे सारे मिळते. पण त्या शाळेत जो पोहोचेल, त्यालाच ते मिळते. पटाचा आकडा कमी झाला की खर्च वाचल्याचे कागदावर दिसते. त्या खर्चाचा भार मुलाच्या पायांवर गेला, हे कोणत्याही कागदावर उमटत नाही. शिक्षणहक्क कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियमांनी प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटर आणि उच्च प्राथमिकसाठी तीन किलोमीटर ही मर्यादा घातली, ती याच जाणिवेने.

म्हणून माझे नम्र मत असे आहे की, गावांनी शाळा वाटून घ्यावी, पण वाटणीत अंतर लहान मुलांच्या वाट्याला येऊ नये. लहान इयत्ता गावात राहाव्यात आणि शिक्षक, पुस्तके, उपकरणे यांनी प्रवास करावा. मोठ्या इयत्ता एकत्र कराव्याच लागल्या, तर आधी वाहन आणि मग विलीनीकरण, हा क्रम पाळावा. आणि अंतर मोजावयाचे ते श्रावणात, प्रत्यक्ष पायवाटेने, सर्वांत धाकट्या मुलीला सोबत घेऊन मोजावे.

चंदिगड वसविणाऱ्यांनी कोऱ्या कागदावर हेच केले होते. आपल्या खेड्यांचा कागद कोरा नाही. त्यावर ओढे आहेत, घाट आहेत. पण माप तेच ठेवण्यास कोणाचीच हरकत नसावी. आत्याच्या ओढ्यावर आता पूल आहे. तो झाला तेव्हा तिचे वय पन्नाशीच्या घरात होते. पहिल्याच दिवशी ती त्यावरून पलीकडच्या शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेली, क्षणभर उभी राहिली, आणि परत आली.