हिमस्तराखालील भूमीचा शोध

कळंबवरून पुणे–नाशिक रस्त्याने उत्तरेस गेले असता नारायणगाव लागते व तेथून पूर्वेस खोडद. या परिसरात विखुरलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणारे मीटरभर लांबीचे रेडिओतरंग टिपतात. याच जातीच्या तरंगांनी अंटार्क्टिकाच्या बर्फाखालील भूमीचा ठाव कसा लागला, याचा येथे विचार करावयाचा आहे. खोडदची दुर्बीण केवळ ऐकते. रडार स्वतः स्पंद पाठवून त्याचा प्रतिध्वनी ऐकते, एवढाच भेद.

१९४९–५२ च्या नॉर्वेजियन–ब्रिटिश–स्वीडिश मोहिमेत गॉर्डन रॉबिन यांनी क्वीन मॉड लँडमध्ये सुरुंग उडवून, परतणाऱ्या भूकंपतरंगांवरून बर्फाची जाडी मोजली. ही रीत खात्रीची, परंतु जागोजागी थांबावे लागत असल्याने फार मंद होती. दरम्यान विमानांतील उंचीमापक रडार हिमप्रदेशावर चुकीचे आकडे दाखवी, कारण त्याचे तरंग पृष्ठभागावरून न परतता बर्फात शिरत. वैमानिकाच्या जिवावर बेतणारा हा दोष १९५७ च्या सुमारास अमोरी वेट यांनी मापनाचे साधन म्हणून वापरला. पुढे केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन एव्हान्स यांनी या कामासाठी खास यंत्र सिद्ध केले. रॉबिन हेच तेव्हा त्या संस्थेचे संचालक होते.

विमानातून मापन होऊ लागताच प्रश्नाचे स्वरूप पालटले. जाडीबरोबरच तळ कोरडा की ओला, हेही कळू लागले. कारण पाण्यावरून येणारा प्रतिध्वनी खडकावरील प्रतिध्वनीहून प्रखर व सपाट असतो. १९६७ च्या उड्डाणांत सोवेत्स्काया ठाण्याजवळ असा प्रतिध्वनी मिळाला. १९७३ मध्ये ऑसवॉल्ड व रॉबिन यांनी अशा १७ सरोवरांची नोंद केली. सुमारे ४ किलोमीटर बर्फाखालील व्होस्टोक सरोवराचा विस्तार १९९६ मध्ये स्पष्ट झाला.

हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नव्हे. ओल्या तळावरून हिम सुलभतेने घसरते; आणि अंटार्क्टिकाचे सारे हिम समुद्रात गेल्यास त्याची पातळी सुमारे ५८ मीटरांनी वाढेल. त्याचा लहानसा अंशही कोकणच्या खाड्यांना पुरेसा आहे. भारताचे मैत्री ठाणे १९८९ मध्ये रॉबिन यांच्या त्याच क्वीन मॉड लँडमध्ये उभारले गेले, आणि गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेसह तेथील किनारी हिमावर रडारमापने केली आहेत.

साधनाच्या दोषाची चिकित्सा केली, तर तोच दोष पुरावा ठरतो. इतिहासाच्या अभ्यासकाला हा न्याय अपरिचित नाही.