चुनखडी आणि कुतुबशाही चुनेगच्ची

दख्खनच्या वास्तुकलेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम दगडाकडे जाते. परंतु हैदराबाद-गोवळकोंडा परिसरातील कुतुबशाही इमारतींचे सौंदर्य दगडाइतकेच चुन्यावर अवलंबून आहे. येथे मिळणारा ग्रॅनाइट अतिशय कठीण. भार पेलण्यास उत्तम, पण नाजूक नक्षीस गैरसोयीचा. म्हणून सांगाडा दगडाचा आणि अलंकरण चुन्याचे, ही पद्धत येथे रूढ झाली. सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह याने १५९१ मध्ये उभारलेला चारमिनार हे तिचे ठळक उदाहरण होय. त्यावरील फुले व पाकळ्या दगडात कोरलेल्या नसून चुन्यात घडविलेल्या आहेत.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून वाळूबरोबर घाणीत मळीत असत. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असे पदार्थ घालण्याचीही परंपरा होती. भिंतीवर चढविलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. म्हणजे चुनखडीपासून निघालेला चुना अखेर पुन्हा चुनखडीच बनतो.

सिमेंटही चुनखडीपासूनच तयार होते. गुणधर्म मात्र वेगळे. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो, तर सिमेंटचा घट्ट थर ती कोंडून ठेवतो. विसाव्या शतकात कुतुबशाही मकबऱ्यांची डागडुजी सिमेंटने झाली. आगा खान ट्रस्ट फॉर कल्चरच्या सहभागाने २०१३ मध्ये सुरू झालेल्या जतनकार्यात ते थर काढून पुन्हा चुनाच वापरावा लागला. मे २०१९ मध्ये चारमिनारच्या एका मिनारावरील चुनेगच्चीचा भाग कोसळला, तेव्हा या अलंकरणाची नाजूक अवस्था सर्वांसमोर आली.

मकबरे बांधविणाऱ्या सुलतानांची नावे पाठ्यपुस्तकांत आढळतात. चुना मळणाऱ्या व घडविणाऱ्या कारागिरांची क्वचितच. त्यांचे ज्ञान ग्रंथांपेक्षा हातांतून पुढे आले आहे. ते हात थांबले तर इमारत उभी राहील, पण तिची दुरुस्ती जाणणारा कोणी उरणार नाही. गावोगावच्या जुन्या मशिदी व दर्गे यांना सिमेंटचा गिलावा देण्यापूर्वी मूळचा चुना तपासून पाहणे आणि विद्यार्थ्यांकडून त्याची नोंद करून घेणे, हे महाविद्यालयीन इतिहास विभागांना सहज शक्य असलेले कार्य आहे.