काटक्याच घाला, ओंडका नको

चपला हातात घ्या. केळशीच्या किनाऱ्यावर वाळू ओली आहे आणि झुंजूमुंजू व्हायला अजून अवकाश आहे. साल १५२४, पावसाळा सरत आलाय. पहिला दणका नाकाला: खारवलेले बांगडे, कुबट जाळी, ओल्या लाकडाचा धूर. नाव ओढणारे गडी एका दमात हाळी देतायत. त्यांच्या घामट खांद्यांमधून वाट काढत एका आजींच्या झोपडीत शिरा.

चुलीपुढे बसलात की धग थेट गालांवर येते. मडक्यात तिसऱ्या रटरटतायत, कोकमाचा आंबट वास सुटलाय. तिखटाला मिरी, मिरची या चुलीपर्यंत अजून पोहोचायचीय. फुंकून खा, जीभ भाजेल. शिंपले दाराबाहेरच्या ढिगात टाका. आणि चुलीत ओंडका सारू नका, काटक्याच घाला. पाचशे वर्षांनी इथली वाळू खणणारे कोळशातला कार्बन मोजतात, आणि त्यातून कळतं ते लाकूड वाढलं तेव्हाचं साल, त्सुनामीची लाट इथे आली तेव्हाचं नव्हे. जुन्या खोडाचा गाभा जळला असेल तर हिशेब शंभरेक वर्षंही मागे सरकतो. शिंपल्यांचा घोळ आणखी मोठा: समुद्रातला कार्बन मुळातच जुना, त्यामुळे शिंपले असतात त्याहून शेकडो वर्षं म्हातारे भासतात आणि तेवढी वजावट करावी लागते. मला विचाराल तर भरवशाची काटकीच.

तिकडे दक्षिणेला, दाभोळसमोर, वास्को द गामाचा ताफा आहे. वारा पडलाय, तरी गलबतं अशी हादरतायत की ती खडकावर चढली असं खलाशांना वाटतंय.

केळशीच्या वाळूच्या टेकाडात सापडलेल्या थराचा संबंध अभ्यासक याच भूकंपाच्या हादऱ्याशी जोडतात. तो थर ज्या पाण्याने रचला, ते आता ऐका: आधी घरघर, मग कवड्या-दगड घासल्याचा कर्कश आवाज. वादळात लाटांमागून लाटा येतात आणि वाळूचे पातळ पापुद्रे रचत जातात. त्सुनामीचं पाणी मात्र लांबलचक लोंढ्याने आत घुसतं, वाटेतल्या चिखलाची ढेकळं उपटतं, खोल पाण्यातले जीव गावात आणून टाकतं. तरीही एका खुणेवर निकाल देऊ नये. जोराचं वादळसुद्धा चकवतं.

पाणी घोट्याला लागलं. आजींचा हात धरा, डोंगराची वाट पकडा. मडकं राहू द्या, त्याच्या खापऱ्या त्या थरात सापडायच्या आहेत.