गर्भजलपरीक्षा आणि स्त्रीची निवड

गर्भजलपरीक्षा मुली वेंचून काढण्यासाठीं निघाली नव्हती. गर्भांतील आनुवंशिक दोष ओळखावे, एवढाच तिचा मूळ हेतु. परंतु १९७० नंतरच्या दशकांत ती भारतांत आली, आणि मुलगी नको असलेल्या घरांस लवकरच सोयीची वाटूं लागली.

१९८५ च्या सुमारास मुंबईंतील स्त्री-कार्यकर्त्यांनीं तिच्याविरुद्ध चळवळ उभारली. त्यांच्यापुढील पेंच नाजूक होता. १९७१ च्या कायद्यानें मिळालेली गर्भपाताची मोकळीक स्त्रीच्या आरोग्यास आवश्यक. ती गमावून चालणार नव्हतें. निवड स्त्रीचीच असतां तिच्या आड येणारे तुम्ही कोण, असा प्रश्न प्रतिपक्ष करी. त्यांचें उत्तर असें कीं, मुलगा न झाल्यास जिचें घरांतील स्थानच डळमळतें, तिच्या होकारास निवड म्हणणें ही थट्टा होय. म्हणून त्यांनीं बंधन मागितलें तें गर्भपातावर नव्हे, लिंगनिदानावर.

१९८८ सालीं महाराष्ट्रानें देशांतला असा पहिला कायदा केला. आनुवंशिक दोषांच्या तपासास मोकळीक ठेवून १९९४ सालीं संसदेनेंहि तोच मार्ग धरला. तथापि महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें १९९१ सालीं ९४६ मुली होत्या, त्या २०११ सालीं ८९४ च उरल्या. प्रतिबंध परीक्षेस झाला. होकारामागील भीति मात्र तशीच राहिली.